हवेचा डायफ्राम पंप बसवताना : मोटार नाही म्हणून धोका नाही, हा समज सोडा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या आसपास चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग, रंगकाम, प्लेटिंग, फॅब्रिकेशन यांची लहान-लहान युनिटे त्याच्या आधाराने वाढली. औषधांचे व रसायनांचे कारखानेही आले. आपले कितीतरी कारागीर बांधव या वसाहतींत फिटर, वेल्डर, पेंटर म्हणून राबतात. काहींनी स्वतःचे वर्कशॉप काढले आहे, तर काही जुन्या यंत्रसामग्रीची खरेदी-विक्री करतात.

या कामात एक पंप आता सर्रास हाताखालून जातो. त्याला मोटार नसते, वायर नसते, कंप्रेसरची हवा दिली की तो ठक्-ठक् करीत चालू लागतो. रंग, थिनर, तेजाब, कॉस्टिक, गाळाचे सांडपाणी असे सारे काही तो ओढतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एओडीडी म्हणतात, कारागिरांच्या भाषेत तो नुसता डायफ्राम पंप. अमेरिकेत जिम विल्डेन यांनी १९५५ साली तो तयार केला आणि आज तो जगभर वापरला जातो.

"यात वीज नाही, तेव्हा भीती नाही," असे अनेक जण समजतात. त्यामुळे हा पंप बसवायचे काम नळाची तोटी बसवण्याइतके सोपे मानले जाते. पंप खरोखरच गुणी आहे, पण त्याचे धोके वेगळ्या वाटेने येतात. त्या वाटा तीन आहेत : साठलेली हवा, न दिसणारी ठिणगी आणि फाटलेला पडदा. पंप बसवतानाच या तिन्ही वाटा कशा बंद कराव्यात, याची माहिती आजच्या पाठात आम्ही देत आहोत.

पंप चालतो कसा?

पंपाच्या दोन बाजूंना दोन पडदे असतात आणि ते एकाच दांड्याने जोडलेले असतात. मधला एअर व्हॉल्व्ह प्रथम एका पडद्यामागे हवा सोडतो. तो पडदा पुढे सरकून आपल्या बाजूचा माल बाहेर ढकलतो. त्याच वेळी दांड्यामुळे दुसरा पडदा मागे खेचला जातो व आपल्या बाजूला माल ओढून घेतो. मग व्हॉल्व्ह हवेची बाजू बदलतो. माल उलटा जाऊ नये म्हणून खाली दोन व वर दोन अशा चार गोळ्या किंवा झडपा असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, या साध्या प्रकारच्या पंपात हवेचा दाब जितका, जवळपास तितकाच मालाचा जास्तीत जास्त दाब. हवा ५ किलोची दिली तर पंप त्याहून अधिक दाब तयार करीत नाही. दुसरी म्हणजे, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर पंप आपोआप थांबतो आणि उघडला की पुन्हा चालू होतो. मोटार जळण्याचा प्रश्नच नाही. दुकानदार हा गुण कौतुकाने सांगतात, आणि तो खराही आहे. पण पहिला धोका याच गुणात दडलेला आहे.

पहिली वाट : साठलेली हवा

थांबलेला पंप म्हणजे बंद पंप नव्हे. आवाज थांबला म्हणून हेल्पर पाना घेऊन पाइप खोलायला बसतो, पण आत हवा भरलेली असते आणि पुढच्या पाइपात माल दाबाखाली उभा असतो. हिशेब करून पाहा. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते. दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो असेल तर त्या तोंडावर सुमारे १३७ किलोचा जोर येतो. सिमेंटची पोती छातीवर फेकल्यासारखे झाले म्हणजे काय होईल? पोत्याचे वजन ५० किलो धरले तर हा भार पावणेतीन पोत्यांचा आहे. आणि बाहेर येणारा माल तेजाब असेल तर हाड शाबूत राहूनही डोळा जाईल.

म्हणून हवेच्या लाइनवर पुढील क्रम ठेवावा. मुख्य लाइनमधून फाटा वरच्या बाजूने घ्यावा, म्हणजे साठलेले पाणी पंपाकडे येत नाही. मग कुलूप लावता येईल असा बंद करण्याचा व्हॉल्व्ह, त्यापुढे पाणी व कचरा अडवणारा फिल्टर, त्यापुढे गेजसह रेग्युलेटर. पंपाच्या अगदी जवळ, हात पोचेल अशा जागी, आणखी एक बॉल व्हॉल्व्ह हवा. हा व्हॉल्व्ह साधा नको. बंद करताच पंपाच्या बाजूला अडकलेली हवा बाजूच्या छिद्रातून बाहेर सोडणारा हवा. बाजारात त्याला व्हेंटेड किंवा ब्लीड टाइप व्हॉल्व्ह म्हणतात. साध्यापेक्षा तो थोडा महाग पडतो, पण काटकसर करायची ही जागा नव्हे. मात्र त्याने फक्त हवेची बाजू मोकळी होते, पुढच्या पाइपातला माल वेगळा सोडावा लागतो.

अडकलेल्या हवेला वाट ठेवावी लागते, हे आपल्या शहराला नवे नाही. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकात, येथे नहरीने पाणी आणले गेले. त्या जुन्या नहरींच्या वाटेवर उंच मनोरे बांधलेले आहेत, ते पाण्याच्या वाटेतील हवा मोकळी व्हावी म्हणूनच. तीच समज आज हातभर लांबीच्या एअर लाइनमध्ये ठेवायची आहे.

रेग्युलेटरशिवाय पंप कधीही चालवू नये. अनेक पंपांची मर्यादा ७ किलोच्या आसपास असते, काहींची थोडी अधिक, प्लास्टिकच्या काही पंपांची कमी. अंदाज न करता नेमप्लेट वाचावी. हवेचा पाइप पंपाच्या हवेच्या तोंडापेक्षा बारीक नसावा. शेवटचा हातभर तुकडा लवचीक होजचा ठेवावा, कारण पंप हलतो आणि कडक पाइपाचे आटे त्या हादऱ्यांनी सैल होतात. होज त्या दाबाचाच असावा. बागेचा पाइप लावून वर तार गुंडाळणे हा जिवाशी खेळ आहे.

एअर लाइनमध्ये तेल सोडावे की नाही, असे बरेच मिस्त्री विचारतात. आजच्या बहुतेक पंपांना वेगळे तेल लागत नाही आणि उगाच सोडलेल्या तेलाने आतले रबर खराब होऊ शकते. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच तेल द्यावे.

दुसरी वाट : न दिसणारी ठिणगी

पंपात वीज नाही, हे खरे. पण थिनर, टोल्यूनसारखा पदार्थ पाइपातून घासत जातो तेव्हा तेथे स्थिर वीज तयार होते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना जी चट्चट् होते, तीच ही वीज. पंप, ड्रम व होज जमिनीशी नीट जोडलेले नसतील तर ती साठत जाते आणि संधी मिळताच उडी मारते. हाताला जाणवणारही नाही एवढी लहान ठिणगी थिनरच्या वाफेला पुरते. टोल्यूनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकेल इतकी उठते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा उघड्या ड्रमभोवती काय स्थिती असेल ते सांगायला नको. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूर जाते आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हला किंवा वेल्डिंगच्या ठिणगीला गाठते.

याला उपाय एकच, तो म्हणजे सर्व धातू एकमेकांशी जोडून अर्थ करणे. पंपाच्या अंगावर अर्थिंगचा स्क्रू असतो. तेथून तांब्याची जाड वायर अर्थिंगच्या पट्टीपर्यंत न्यावी. ज्या ड्रममधून माल ओढायचा तो, आणि ज्यात सोडायचा तो, दोन्ही त्याच पट्टीला जोडावेत. होज आत तार असलेला किंवा वीज वाहून नेणारा असावा आणि त्याची दोन्ही टोके धातूला भिडलेली असावीत. क्लॅम्प रंगावर लावून उपयोग नाही, त्याचे दात रंग खरवडून लोखंडाला टेकले पाहिजेत. जोडणी झाल्यावर मीटर लावून पाहावे. पंपापासून पट्टीपर्यंतच्या धातूच्या जोडणीचा रोध १० ओहमच्या आत असावा.

क्रमही महत्त्वाचा आहे. ड्रमचे झाकण उघडण्याआधी क्लॅम्प लावावा, आणि काम संपून झाकण बसल्यावरच काढावा. माल वरून धबधब्यासारखा सोडू नये, पाइपाचे टोक ड्रमच्या तळाजवळ न्यावे. थिनरसाठी प्लास्टिकचा ड्रम किंवा साध्या पॉलिप्रोपिलीनचा पंप वापरू नये, कारण त्यांना अर्थिंग करताच येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पंपात वीज नसली तरी कंप्रेसरच्या मोटारीत, स्टार्टरमध्ये व प्रेशर स्विचमध्ये ती आहेच. म्हणून कंप्रेसर रंगाच्या व थिनरच्या खोलीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावा. आत फक्त हवेचा पाइप न्यावा.

तिसरी वाट : फाटलेला पडदा

पडदा हा झिजणारा भाग आहे. आज ना उद्या तो फाटतोच. फाटला की माल हवेच्या बाजूला शिरतो आणि सायलेन्सरमधून फवाऱ्यासारखा बाहेर येतो. पंप कॉस्टिकचा असेल आणि सायलेन्सर चालण्याच्या वाटेकडे तोंड करून असेल, तर तो फवारा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडावर बसतो.

म्हणून घातक मालासाठी सायलेन्सर पंपावर न ठेवता एक्झॉस्टला जाड पाइप जोडून तो बाहेर, सुरक्षित जागी न्यावा. टोकाशी माल झेलणारे भांडे असावे आणि सायलेन्सर तेथे बसवावा. टाकीतील मालाची पातळी पंपापेक्षा उंच असेल, तर एक्झॉस्टच्या पाइपाचे तोंड त्या पातळीच्याही वर न्यावे. नाहीतर पडदा फाटल्यावर सारी टाकी त्या वाटेने रिकामी होईल. पंपाखाली कडा असलेला ट्रे ठेवावा. बंद खोलीत थिनर ओढताना एक्झॉस्ट बाहेर नेणे तर टाळताच येत नाही.

सायलेन्सरमध्ये कधी कधी बर्फ धरतो. भर उन्हाळ्यात बर्फ, हे काहींना खोटे वाटेल. पण दाबलेली हवा एकदम फैलावली की थंड होते आणि तिच्यात पाणी असेल तर ते गोठते. मग पंप अडखळतो. सायलेन्सर काढून फेकणे हा त्यावरचा इलाज नव्हे. फिल्टरचे पाणी रोज काढावे, कंप्रेसरच्या टाकीचा ड्रेन रोज सोडावा आणि दाब जरुरीपुरताच ठेवावा.

कोणत्या मालाला कोणता पंप?

येथे चूक झाली तर पुढची सारी मेहनत वाया जाते. ॲल्युमिनियमचा पंप स्वस्त व मजबूत असतो, पण कॉस्टिक त्याला खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. मेथिलीन क्लोराइड, ज्याला बाजारात एमडीसी म्हणतात, ते रंग काढण्यासाठी वापरले जाते. असली क्लोरीनयुक्त द्रावणे ॲल्युमिनियमच्या पंपात घालू नयेत. बंद पंपात त्यांची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन पंप फुटू शकतो. मिठाच्या तेजाबाला, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडला, स्टेनलेस स्टीलही टिकत नाही. तेथे पॉलिप्रोपिलीन योग्य.

पडद्यांचेही तसेच आहे. नायट्राइल रबर तेल व डिझेलला चांगले, पण टोल्यूनने फुगते. ईपीडीएम रबर कॉस्टिकला चांगले, पण तेलाला वाईट. टेफ्लॉन बहुतेक द्रावणांना टिकतो, पण तो कमी लवचीक असल्याने कोरडा पंप तितक्या खोलून माल ओढत नाही. शंका असेल तर मालाचा सुरक्षा-कागद पुरवठादाराकडून मागून घ्यावा आणि पंपाच्या पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहावा.

जुना पंप घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. पूर्वी त्यातून काय वाहत होते हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये आणि सांगितल्याशिवाय विकू नये. मालातला ऐब सांगून सौदा करणे ही बाजारातील जुनी रीत आहे, आणि येथे तर घेणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून आहे. पंप खोलण्यापूर्वी आतला माल काढून तो उलटा करून निथळावा आणि योग्य द्रवाने धुवावा. पडदे, गोळ्या व सीट बदलूनच तो पुन्हा लावावा. नेमप्लेट नसलेला पंप पेट घेणाऱ्या मालासाठी वापरूच नये.

बसवणी व पहिली चाचणी

पंप सपाट व मजबूत पायावर रबराचे पॅड घालून बोल्टने कसावा. ओढणारा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नसावा आणि आत चिपकणारा नसावा, तारेचा होज चांगला. या पाइपात कोठेही हवा शिरली तर पंप नुसताच ठकठकत राहील. पंप टाकीच्या जितका जवळ व खाली, तितके बरे. दोन्ही बाजूंना लवचीक तुकडे घालावेत आणि पाइपांना स्वतंत्र आधार द्यावा, त्यांचे ओझे पंपावर टाकू नये. पुढच्या पाइपावर गेज, व्हॉल्व्ह आणि दाब सोडण्यासाठी ड्रेन ठेवावा. या ड्रेनचे तोंडही भांड्यातच सोडावे. प्लास्टिकच्या पंपाचे बोल्ट वाहतुकीत सैल होतात. ते पुस्तिकेत दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने, चालू करण्यापूर्वी पुन्हा कसावेत.

कंप्रेसर पुरेल का, हेही आधी पाहावे. चांगला औद्योगिक कंप्रेसर ७ किलोच्या दाबाला दर हॉर्सपॉवरमागे साधारण ४ सीएफएम हवा देतो, म्हणजे ५ हॉर्सपॉवरचा सुमारे २० सीएफएम. पंपाला याहून अधिक हवा लागत असेल तर तो सुस्त चालेल. मग कोणीतरी रेग्युलेटर पूर्ण उघडील आणि धोका वाढेल. म्हणून पंपाचा तक्ता पाहूनच कंप्रेसर ठरवावा.

माल पाण्याला चालणारा असेल तर पहिली चाचणी पाण्यावर घ्यावी. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे असावेत. पुढचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दीड-दोन किलोवर सुरुवात करावी, प्रत्येक जोड पाहावा, मग हळूहळू दाब वाढवावा. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबतो का ते पाहावे. बंद असूनही तो ठोके देत राहिला तर कोठेतरी गळती आहे किंवा गोळी नीट बसत नाही.

थांबवण्याचा क्रम प्रत्येक हेल्परला तोंडपाठ असावा. आधी हवा बंद करावी, ती सुटू द्यावी आणि व्हॉल्व्हला कुलूप घालावे. मग पुढच्या पाइपाचा दाब ड्रेनमधून भांड्यात सोडावा, गेज शून्यावर आल्याचे डोळ्यांनी पाहावे, आणि त्यानंतरच पान्याला हात लावावा.

कोटेशन देताना

आम्हाला ठाऊक आहे की लहान ठेकेदाराचे कोटेशन दोन-चार हजारांनी जास्त झाले तर काम हातचे जाते. त्यामुळे अर्थिंग, व्हेंटेड व्हॉल्व्ह, एक्झॉस्टचा पाइप आणि ट्रे या चार गोष्टी आधी कापल्या जातात. असे करू नये. या चारही बाबी कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळींत लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर तिचे कारण एका वाक्यात द्यावे. मालकाने त्या नको म्हटले तर तसे त्याच्याकडून लेखी घ्यावे. आणि माल पेट घेणारा किंवा जाळणारा असेल, तर असे काम सोडलेले बरे. पेट्रोलियम वर्गातील द्रावणांच्या साठ्यासाठी परवान्याचे नियम आहेत आणि त्यांचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. साठा वाढवण्यापूर्वी ते नियम समजून घ्यावेत.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार मरण पावले. ती आग पंपाने लागली असे आमचे म्हणणे नाही. पण लहान कारखान्यांत गावाहून आलेली पोरे रात्री मालाशेजारीच अंथरूण टाकतात, हे आपण सारे जाणतो. ज्या खोलीत थिनरचा ड्रम व पंप आहे, त्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये आणि बाहेर पडायचा दरवाजा मालाने अडवू नये. याला पैसा लागत नाही.

थोडक्यात सांगायचे तर :

१. माल कोणता हे आधी विचारा, पंप नंतर निवडा.
२. रेग्युलेटर आणि हवा सोडणारा व्हॉल्व्ह यांशिवाय पंप जोडू नका.
३. पंप, होज व दोन्ही ड्रम एकाच अर्थिंगला जोडा, मीटरने तपासा.
४. एक्झॉस्टचे तोंड माणसांपासून दूर, मालाच्या पातळीच्या वर ठेवा.
५. कंप्रेसर वाफेच्या खोलीबाहेर ठेवा.
६. थांबलेला पंप बंद समजू नका, गेज शून्यावर आल्याशिवाय खोलू नका.

वाचक बांधवांनी हे कात्रण कंप्रेसरजवळच्या भिंतीवर चिकटवावे आणि ज्या हेल्परला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवावे. पाना बहुतेक वेळा त्याच्याच हातात असतो.